डुकरिणीच्या बाळंतपणाची जागा: पिंजरा, मोकळा कक्ष आणि पिल्लांचा जीव

युरोपात गेली काही वर्षे एक वाद धुमसतो आहे. पाळीव जनावरांना पिंजऱ्यात ठेवणे थांबवावे अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर जवळजवळ 14 लाख नागरिकांनी सह्या केल्या आणि 2021 मध्ये युरोपीय आयोगाने त्या दिशेने कायदा आणण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षी जर्मनीने डुकरिणींच्या पिंजऱ्यांबाबतचे आपले नियम बदलले. या वादात कोंबड्या आहेत, ससे आहेत, पण सर्वांत अवघड प्रश्न आहे तो विण्याच्या बेतात असलेल्या डुकरिणीचा. इतर बहुतेक ठिकाणी पिंजऱ्याचे समर्थन जागेच्या किंवा खर्चाच्या बचतीवर उभे असते; इथे मात्र पिंजरा पिल्लांचा जीव वाचवतो, असे सांगितले जाते. गजांमध्ये अडकलेल्या, वळताही न येणाऱ्या आईचे छायाचित्र एकीकडे आणि आईच्याच अंगाखाली चिरडलेली पिल्ले दुसरीकडे, असे चित्र समोर ठेवले की सामान्य वाचक गोंधळतो. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र या दोहोंतून एकच निवडावे लागते, हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे.

पिंजरा कसा असतो

डुकरिणीचा गाभणकाळ साधारण 114 ते 115 दिवसांचा असतो. विण्याला सुमारे आठवडा उरला की व्यावसायिक वराहपालनात तिला वेगळ्या शेडमध्ये हलवतात. तिथे सुमारे चार चौरस मीटरच्या कप्प्यात लोखंडी गजांची एक चौकट बसवलेली असते. ही चौकट साधारण दोन मीटर लांब आणि 60 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. तिलाच फॅरोइंग क्रेट म्हणतात. या लेखात तिला प्रसूती पिंजरा किंवा नुसता पिंजरा म्हटले आहे. डुकरीण त्यात उभी राहू शकते, बसू शकते, सावकाश आडवी होऊ शकते. वळू मात्र शकत नाही. गजांच्या दोन्ही बाजूंना पिल्लांसाठी पट्टा मोकळा असतो आणि एका कोपऱ्यात उबेसाठी दिवा किंवा तापवलेली फरशी असते. पिल्ले दूध तोडण्याच्या वयाची होईपर्यंत, म्हणजे तीन ते चार आठवडे, आई त्या चौकटीतच असते. एका डुकरिणीची वर्षाला दोनहून थोडी जास्त वेते होतात हे ध्यानात घेतले, तर वर्षातले साधारण 10 आठवडे ती या स्थितीत काढते.

इथे एक गल्लत नेहमी होते. गाभण असतानाच्या काळात डुकरिणींना ठेवण्याचे अरुंद कप्पे ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय संघात जानेवारी 2013 पासून, माजावर येऊन फळल्यानंतरचे पहिले चार आठवडे वगळता, ते कप्पे वापरता येत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2018 मध्ये मंजूर केलेला आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकलेला कायदाही डुकरिणींपुरता त्याच कप्प्यांबद्दल आहे. विण्याच्या अपेक्षित तारखेआधीचे पाच दिवस आणि पिल्ले अंगावर पीत असण्याचा काळ त्यातून वगळलेला आहे. म्हणजे गाभण डुकरिणीच्या पिंजऱ्याविरुद्ध ज्यांनी कायदे केले, त्यांतील अनेकांनी व्यालेल्या डुकरिणीच्या पिंजऱ्याला हात लावलेला नाही. त्याचे कारण पिल्लांच्या शरीरात आहे.

जन्मलेले पिल्लू किती दुबळे असते

पूर्ण वाढलेल्या डुकरिणीचे वजन 200 ते 300 किलो भरते, तर तिच्या पिल्लाचे जन्मतः सव्वा ते दीड किलो. आई आणि अपत्य यांच्या आकारातील एवढी तफावत इतर पाळीव जनावरांत आढळत नाही. त्यात एका वेतात एक-दोन नव्हे, तर दहा-बारा किंवा त्याहून अधिक पिल्ले असतात.

पिल्लू ओलेच जन्मते. त्याच्या अंगावर दाट केस नसतात, कातडीखाली चरबी जवळपास नसते आणि अनेक सस्तन प्राण्यांच्या नवजातांना ऊब निर्माण करण्यासाठी जी खास तपकिरी चरबी मिळते, तीही त्याच्याकडे नसते. त्याला थंडी वाजू नये यासाठी भोवतालचे तापमान 34 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. आईला मात्र 20 अंशांच्या खालीच बरे वाटते, आणि उकाड्यात तिची भूक व दूध दोन्ही घटतात. जन्मानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच पिल्लाच्या अंगाचे तापमान एक-दोन अंशांनी उतरते. ते पुन्हा वर चढवायचे तर लवकर दूध मिळायला हवे.

हे पहिले दूध म्हणजे चीक. डुकरिणीच्या गर्भाशयातून रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता एका दिवसात संपते. त्या मुदतीत पिल्लाच्या पोटात निदान 200 ते 250 ग्रॅम चीक जावा असे मानले जाते. अडचण अशी की पिल्ले जास्त झाली म्हणून चीक वाढत नाही. जेवढा आहे तेवढाच वाटून घ्यावा लागतो. पुढे नियमित दूध सुरू झाल्यावरही ते सतत मिळत नाही. साधारण 40 ते 60 मिनिटांनी डुकरीण पान्हा सोडते आणि तो जेमतेम 10 ते 20 सेकंद टिकतो. त्या क्षणी जे पिल्लू सडाशी नसते, ते पुढचा तासभर उपाशी राहते.

चिरडून मेले, असे लिहिले जाते तेव्हा

जिवंत जन्मलेल्या पिल्लांपैकी साधारण 10 ते 20 टक्के दूध तोडण्याआधीच दगावतात आणि त्यांतील बहुतेक मृत्यू पहिल्या तीन दिवसांत होतात. नोंदवहीत सर्वाधिक वेळा कारण लिहिलेले असते ते आईखाली चिरडल्याचे. या नोंदीकडे मात्र थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. उपाशी आणि थंडीने काकडलेला माणूस रस्त्यात कोसळला आणि त्याच वेळी वरून गाडी गेली, तर कागदावर अपघाती मृत्यू असेच लिहिले जाईल. तो कोसळला का, हे त्या कागदावर येणार नाही. पिल्लांचे बहुधा असेच होते. ज्याचे अंग गार पडले ते सुस्त होते, सुस्त झाले म्हणून सडापर्यंत पोहोचत नाही, दूध मिळाले नाही म्हणून आणखी गार पडते आणि शेवटी ऊब व दूध शोधत आईच्या पोटाला चिकटून राहते. आई उठून पुन्हा बसू लागली की धडधाकट पिल्लू बाजूला पळते, हे पळू शकत नाही. चिरडले जाणे ही या साखळीची शेवटची कडी असते. अर्थात काही निरोगी पिल्लेही आईच्या अंगाखाली सापडतात; ते नाकारण्यात अर्थ नाही.

पिंजरा याच शेवटच्या कडीवर काम करतो. गजांमुळे डुकरिणीला एकदम अंग टाकता येत नाही, ती सावकाश खाली जाते आणि पिल्लांना सरकायला वेळ मिळतो. 1950 नंतरच्या दशकांत हा पिंजरा झपाट्याने पसरला, कारण तो खरोखर उपयोगी पडला. त्यात जागा कमी लागते, एका माणसाला अनेक डुकरिणींवर लक्ष ठेवता येते आणि चिरडण्याचे प्रमाण घटते. मात्र थंडी, भूक, अशक्त जन्म आणि लांबलेली प्रसूती या आधीच्या कड्यांवर त्याचा काही इलाज नाही. शेवटच्या कडीबाबत तर तो उलटाही पडू शकतो, आणि ते कळण्यासाठी विण्याच्या आधीचा दिवस पाहावा लागतो.

विण्याच्या आधीचा दिवस

अलेक्झांडर स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या दोन संशोधकांनी एडिनबर्गजवळच्या एका झाडाझुडपांच्या कुंपणबंद टेकडीवर साध्या पाळीव डुकरांना मोकळे सोडले आणि त्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. शेडमध्ये वाढलेल्या वंशाची ही डुकरे मोकळ्या जागेत रानडुकरांसारखीच वागत होती. विण्याची वेळ जवळ आली की डुकरीण कळपाच्या नेहमीच्या झोपण्याच्या जागेपासून दूर जाई, आडोशाची जागा शोधे, नाकाने उकरून खळगा करी आणि गवत, फांद्या तोंडाने वाहून आणून त्यात अंथरी. असे घरटे बांधण्याची धडपड विण्याच्या साधारण 24 तास आधी सुरू होते आणि शेवटच्या काही तासांत ती ओसरते. मग डुकरीण घरट्यात शांत पडून विते आणि आठवडा ते दहा दिवस पिल्लांसह तिथेच राहून नंतर कळपात परतते.

ही धडपड डुकरिणीच्या शरीरातील संप्रेरकांमुळे सुरू होते. संप्रेरके म्हणजे रक्तातून फिरणारे शरीराचे रासायनिक निरोप. गवत समोर असो वा नसो, निरोप सुटतोच. म्हणून सिमेंटच्या फरशीवर, गजांच्या आत उभी असलेली डुकरीणही त्या दिवशी पुढच्या पायाने फरशी खरवडते, नाकाने गज ढकलते, वारंवार उठबस करते. बाहेरून पाहणाऱ्याला ती केवळ अस्वस्थ वाटते. प्रत्यक्षात ती घरटे बांधते आहे, फक्त तिच्याकडे जागा नाही आणि सामान नाही.

याचे परिणाम केवळ तिच्या मनःस्थितीपुरते राहत नाहीत. पिंजऱ्यातील डुकरिणींच्या रक्तात या काळात ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळते. ताण वाढला की कळा आणणारे आणि पान्हा सोडवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दबते. फिनलंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात पिंजऱ्यातील डुकरिणींची प्रसूती मोकळ्या कक्षातील डुकरिणींपेक्षा सरासरी दीड तासाने लांबल्याचे दिसले. प्रसूती लांबली की शेवटी येणाऱ्या पिल्लांना प्राणवायू कमी पडतो. ती मृत जन्मतात किंवा जन्मतःच मलूल असतात. ज्या डुकरिणीला घरटे मनासारखे बांधता आले, ती विताना शांत पडून राहते, पिल्लांच्या किंचाळण्याला लवकर प्रतिसाद देते आणि बसण्याआधी हुंगून, नाकाने ढकलून त्यांना बाजूला करते. चिरडण्यापासून पिल्लांना वाचवण्याची निसर्गाने दिलेली सोय हीच आहे. पिंजऱ्यात वळताच येत नसल्याने तिला ती वापरता येत नाही.

दीर्घकाळच्या बंदिवासाची इतर लक्षणेही पशुवैद्यकांच्या परिचयाची आहेत. गज चावत राहणे, तोंडात काही नसताना चघळत राहणे, एकाच कुशीवर पडून खांद्याच्या हाडावर जखमा होणे, ही त्यांतील काही. पिल्लांच्या नाकांशी खेळणे किंवा कंटाळा आल्यावर त्यांच्यापासून दूर जाणे, हेही आईला शक्य नसते.

मग मोकळ्या कक्षात पिल्ले जास्त मरतात का

या आक्षेपाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. मोकळा कक्ष म्हणजे जिथे डुकरीण विण्याच्या आधीपासून दूध तोडेपर्यंत केव्हाही वळू शकते असा कप्पा. अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र करून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, मोकळ्या कक्षांमध्ये पिल्लांच्या मृत्यूची जोखीम पिंजऱ्यांच्या तुलनेत सुमारे 14 टक्क्यांनी अधिक आढळली. ही वाढ सापेक्ष आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पिंजऱ्यात 100 पैकी 12 पिल्ले दगावत असतील तर मोकळ्या कक्षात सुमारे 14 दगावतील, असा त्याचा अर्थ. आणखी 14 पिल्ले मरतील असा नव्हे. तरीही ही दोन पिल्ले क्षुल्लक नाहीत. पालकाला त्यांचा हिशेब द्यावा लागतो आणि पिल्लांच्या बाजूने पाहिले तर तो जीवच आहे.

दुसरीकडे स्वित्झर्लंडचा अनुभव आहे. तिथे 1997 मध्ये नियम बदलला आणि जुन्या पिंजऱ्यांना 2007 पर्यंत मुदत देण्यात आली. या संक्रमणकाळात काही फार्मवर पिंजरे होते, काहींवर मोकळे कक्ष, त्यामुळे संशोधकांना प्रत्यक्ष व्यवसायातील हजारो वेतांची तुलना करता आली. मोकळ्या कक्षांत चिरडून मरणारी पिल्ले थोडी अधिक होती, पण इतर कारणांनी मरणारी त्या प्रमाणात कमी होती. एकूण मृत्यू दोन्हीकडे सारखेच, सुमारे 12 टक्के भरले. मृत्यूचे प्रमाण ठरवण्यात पिंजरा असण्या-नसण्यापेक्षा वेतातील पिल्लांची संख्या अधिक महत्त्वाची ठरली.

हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण तसे नाहीत. एकत्रित विश्लेषणात निरनिराळ्या प्रकारचे, निरनिराळ्या आकारांचे, काही चांगले आणि काही घाईने उभारलेले कक्ष एका रकान्यात आले. तर स्विस नियमाने कक्षाचा किमान आकार साडेपाच चौरस मीटर ठरवून दिला होता आणि तिथल्या पालकांना सवय व्हायला वर्षे मिळाली होती. त्या काळातील स्विस वेतेही आजच्या मानाने लहान होती.

नुसते गज काढून भागत नाही

बहुतेक अपयशांचे मूळ इथे आहे. चार चौरस मीटरच्या कप्प्यातील चौकट उचलून फेकली, तर तयार होतो तो मोकळा कक्ष नसून धोकादायक खोली असते. तिथे डुकरिणीला वळता येते, पण नीट नाही. पिल्लांना पळायला जागा उरत नाही. खाली जाळीची गुळगुळीत फरशी असल्याने डुकरीण पाय घसरून धपकन बसते. जर्मनीच्या 2021 च्या नियमांत किमान साडेसहा चौरस मीटर जागा सांगितली आहे, ती यासाठीच.

चांगल्या कक्षात घरटे करण्याचा भाग भरीव फरशीचा असतो आणि त्यावर पेंढा असतो. त्या भागाच्या भिंती खाली उतरत्या ठेवतात, कारण डुकरीण मोकळ्या जागेत एकदम बसण्याऐवजी भिंतीला टेकून घसरत खाली जाणे पसंत करते आणि उतारामुळे पिल्लांना भिंतीलगत निसटायला फट राहते. शेण-मूत्राचा भाग वेगळा असतो. पिल्लांसाठी छत असलेला उबदार कोपरा आईच्या जवळ, तरीही तिला शिरता न येणारा असतो. ऊब कोपऱ्यात मिळाली की पिल्लू आईच्या पोटाखाली झोपायला जात नाही. ब्रिटनमधील पिगसेफ आणि डेन्मार्कमधील स्वॅप हे कक्ष याच विचाराने आखलेले आहेत. या गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत आणि एक वगळली की बाकीच्यांचा उपयोग घटतो, हे पालकांना सांगितले जात नाही याचे मला आश्चर्य वाटते.

पेंढ्याची अडचण मात्र खरी आहे. आधुनिक शेडमध्ये शेण-मूत्र जाळीतून खाली पडून नळांवाटे वाहून जाते आणि लांब पेंढा ते नळ तुंबवतो. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात विण्याआधीच्या आठवड्यात डुकरिणीला घरट्यासाठी पुरेसे सामान द्यावे असे म्हटले आहे, पण त्यालाच जोडून, मलनिस्सारणाच्या व्यवस्थेत ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तर सूटही दिली आहे. ज्या शेडची व्यवस्थाच पेंढ्याला न सोसणारी बांधली, तिला त्याच कारणाने सूट मिळते, हा प्रकार विचित्रच म्हटला पाहिजे. गोणपाटाचे मोठे तुकडे कक्षात बांधून ठेवणे हा त्यावरचा एक वापरात असलेला तोडगा आहे. डुकरीण ते ओढते, फाडते, अंथरते, आणि नळ तुंबत नाहीत.

पहिले काही दिवसच बंद ठेवले तर

बहुतेक मृत्यू पहिल्या तीन-चार दिवसांत होत असतील, तर तेवढेच दिवस गज बंद ठेवावेत आणि नंतर उघडावेत, हा मधला मार्ग सहज सुचतो. जर्मनीच्या नियमानेही विण्याच्या आसपास जास्तीत जास्त पाच दिवस बंद ठेवण्याची मुभा दिली आहे आणि बदलासाठी 15 वर्षांची मुदत ठेवली आहे. ऑस्ट्रियानेही अशीच दिशा धरली आहे.

प्रश्न गज केव्हा लावायचे हा आहे. विण्याच्या आधीच लावले तर घरटे बांधण्याचा महत्त्वाचा दिवस पुन्हा गजांतच जातो. व्याल्यानंतर लावायचे तर प्रसूतीचा क्षण गाठणे आणि थकलेल्या आईला न बिथरवता ते करणे, हे काम कुशल माणसाचे आहे. उघडल्यानंतरच्या तासांतही जोखीम वाढते, कारण आई आणि पिल्ले दोघांनाही नव्या मोकळीकीची सवय नसते. माझ्या मते मोठ्या वेतांच्या आजच्या जातींसाठी हा मार्ग तडजोड म्हणून समजण्याजोगा आहे. घरटे होऊन गेल्यानंतर गज लावण्याची अट नसेल तर मात्र त्यात आईच्या पदरी फारसे काही पडत नाही.

वेत मोठे होत गेले त्याचे काय

पिंजऱ्याच्या वादात हा मुद्दा मागे पडतो. निवडक पैदाशीमुळे काही जातींत एका वेतात सरासरी 18 किंवा त्याहून अधिक पिल्ले जन्मू लागली आहेत, तर डुकरिणीला सड असतात 14 ते 16. पिल्ले जितकी जास्त, तितकी प्रत्येक लहान, अशक्त आणि चिकाला वंचित. अशा वेतात कोणतीही जागा दिली तरी मृत्यू वाढतात. म्हणून डेन्मार्कमधील पैदास कार्यक्रमाने नुसती जन्मलेली पिल्ले न मोजता पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले मोजण्याचा निकष स्वीकारला. तो शहाणपणाचा होता, पण त्यानेही वेताचा आकार वाढतच गेला.

माणसांची सुरक्षा आणि खर्च

नुकतीच व्यालेली मोकळी डुकरीण कधी कधी अंगावर येते. म्हणून कक्षात माणसाला बाहेरून पिल्ले हाताळता येतील अशी सोय आणि आत गेल्यास चटकन बाहेर पडता येईल अशी वाट लागते. खर्चाचे म्हणाल तर त्याच शेडमध्ये कमी डुकरिणी मावतात किंवा शेड वाढवावे लागते, आणि हा भार केवळ पालकावर टाकला तर स्वस्त मांस पिंजरे असलेल्या देशांतून येते. त्याच्या उलट बाजूला, मोकळ्या कक्षातील पिल्ले आईसोबत खायला लवकर शिकतात आणि अनेकदा दूध तोडताना अधिक वजनाची असतात, हेही हिशेबात धरायला हवे.

सर्वांत सावकाश होणारा बदल पैदाशीचा आहे. पिंजऱ्यात सावध आई आणि बेफिकीर आई यांच्यातला फरक दिसतच नाही, कारण दोघींना गज सारखेच अडवतात. त्यामुळे अनेक पिढ्या मातृगुण न पाहता डुकरिणी निवडल्या गेल्या. तो गुण पुन्हा निवडायचा तर पैदाशीच्या कळपातील डुकरिणी आधी मोकळ्या विताना पाहाव्या लागतील. शिवाय एखादी डुकरीण पहिल्या वेताला पिंजऱ्यात आणि दुसऱ्याला मोकळ्या कक्षात व्याली, तर तिच्याकडून पिल्ले चिरडली जाण्याची शक्यता वाढते, असे ब्रिटनमधील निरीक्षणांत दिसले आहे. म्हणून ज्या पालकाला बदल करायचा आहे, त्याने पहिलटकरणींपासून सुरुवात करून त्यांना पुढच्या प्रत्येक वेताला त्याच प्रकारच्या कक्षात ठेवणे सोयीचे पडते. जुन्या डुकरिणी कळपातून जाईपर्यंत दोन्ही व्यवस्था शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात.